साताऱ्यात जन्मलेल्या साहेबांनी वाघ-बिबटे सोडले आणि घरातल्या पाल, उंदीर, डासांवर पुस्तक लिहिलं

आज संध्याकाळी घरी गेलात की एक काम करा. दिवा लावा, मोबाईल बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं भिंतीकडे बघत बसा.

ट्यूबलाइटच्या मागून पाल बाहेर येईल. दोन पावलं सरकेल, थांबेल, मान वळवेल आणि एकदम झडप घालेल. खिडकीच्या कोपऱ्यात एखादा कोळी जाळं विणत असेल. ओट्याच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली असेल. कानाशी डास गुणगुणेल. बाहेरच्या झाडावरून वटवाघळं उडायला लागतील.

आता सांगा, तुमच्या घरात पाली किती आहेत? रोज दिसते ती एकच की वेगवेगळ्या? सकाळी खिडकीत पोळीचा तुकडा न्यायला येणारा कावळा राहतो कुठे?

नाही सांगता येत ना? आफ्रिकेतला सिंह शिकार कशी करतो हे आपण रीलवर शंभर वेळा बघितलेलं असतं. पण आपल्याच घरात भाडं न देता राहणाऱ्या या मंडळींची आपल्याला काडीची माहिती नसते. खरं तर तेही जंगली प्राणीच. पाल काही कुणी पाळलेली नाही.

दीडशे वर्षांपूर्वीही वेगळी परिस्थिती नव्हती. प्राणी म्हटलं की गोऱ्या साहेबांच्या डोळ्यांसमोर वाघ यायचा आणि वाघ म्हटलं की बंदूक. अशा काळात एका सरकारी अधिकाऱ्यानं घरात, अंगणात, तळ्याच्या काठावर जे जे हलत होतं ते बघायला सुरुवात केली. नुसतं बघितलं नाही, तर त्यावर लिहिलं. तेही असं की लोक हसत हसत वाचायचे.

त्यांचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. पण पुस्तकावर ते पूर्ण नाव द्यायचे नाहीत. नावाची तीन इंग्रजी आद्याक्षरं जोडून त्यांनी टोपणनाव घेतलं, एहा. आज ज्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला देशभर मान आहे, तिच्या संस्थापकांपैकी ते एक.

आणि हे साहेब जन्मानं सातारकर होते.

साताऱ्यात जन्म, पुण्यात नोकरी

१८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६ ऑगस्ट १८५१ रोजी, साताऱ्यात एटकेन यांचा जन्म झाला. वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी.

त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांची मुलं पाच-सहा वर्षांची झाली की शिक्षणासाठी बोटीनं विलायतेला रवाना व्हायची. एटकेन मात्र इथेच वाढले. वडिलांनीच त्यांना शिकवलं. पुढे मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. आणि एम. ए. या दोन्ही परीक्षांत ते पहिले आले.

१८७० मध्ये, म्हणजे वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायला लागले. १८७६ पर्यंत ते तिथे होते. त्याच सुमारास बाळ गंगाधर टिळक नावाचा तरुणही त्याच कॉलेजात शिकत होता.

लॅटिनचा मास्तर म्हणून त्यांचं आयुष्य पुण्यात आरामात गेलं असतं. पण एप्रिल १८७६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली आणि ते मुंबई सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात दाखल झाले.

मिठाच्या खात्यात बदली म्हणजे काय?

आता तुम्ही म्हणाल, मिठाचं कसलं आलंय खातं?

तर इंग्रज सरकारला मिठावरच्या करातून मोठं उत्पन्न मिळायचं. कर भरल्याशिवाय आगरातून मीठ बाहेर पडू नये, चोरून कुणी तयार करू नये, यासाठी अधिकारी, शिपाई, चौक्या असा मोठा पसारा होता. याच करावर पुढे १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला बोट ठेवलं.

मीठ पिकतं कुठे? खाडीच्या काठी आणि वाळवंटाच्या कडेला. त्यामुळे या खात्यातल्या माणसाच्या बदल्याही तिथेच. एटकेन यांच्या नशिबी खाराघोडा आलं, उरण आलं, रत्नागिरी आली, उत्तर कन्नड जिल्हा आणि गोव्याची सरहद्दही आली. मध्ये मध्ये मुंबई.

यातलं खाराघोडा म्हणजे कच्छच्या छोट्या रणाच्या तोंडावरचं गाव. आज ते गुजरातच्या सुरेंद्रनगर जिल्ह्यात येतं. रणात विहिरी खणायच्या, खारं पाणी उपसायचं, वाफ्यांत सोडायचं आणि उन्हानं मीठ धरायची वाट बघायची. आजही तिथले आगरिया हेच काम करतात.

अशा जागी साहेबाच्या जिवाला विरंगुळा कुठला? क्लब नाही, नाटक नाही. आजूबाजूला धूळ, ऊन आणि मीठ.

पण बंगला होता. त्या बंगल्याच्या भिंतीवर पाली होत्या, छपरात उंदीर होते, कुंपणावर पक्षी होते, दिव्याभोवती पाखरं होती आणि जमिनीखाली वाळवी होती. एटकेन यांनी यांनाच शेजारी मानलं.

१८८३: सरहद्दीवरच्या टोळ्या

त्या वर्षांत इंग्रज सरकारचं लक्ष वायव्य सरहद्दीकडे लागलेलं होतं. १८७८ ते १८८० मध्ये अफगाणिस्तानात दुसरं युद्ध झालं होतं. सरहद्दीवरच्या टोळ्या, त्यांचे हल्ले, त्यांच्याशी करायचे तह, परराष्ट्र धोरण यावरच चर्चा चालायची.

एटकेन यांनी नेमकी हीच भाषा उचलली. १८८३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’, म्हणजे माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या. उपशीर्षकात त्यांनी याला एका हिंदी निसर्ग-अभ्यासकाचं परराष्ट्र धोरण म्हटलं होतं. वाचकाला वाटावं अफगाण टोळ्यांची हकिगत आहे. पान उलटलं की समोर उंदीर!

पुस्तकात खाराघोडाचं नाव नाही. तिथे गाव आहे डस्टीपोर. धुळीचं गाव, धूळपूर म्हणा हवं तर. आणि टोळ्या कोण? उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, गांधीलमाश्या, कोळी, बेडूक, वाळवी. कुणी रात्री हल्ला करणारे, कुणी रसद पळवणारे, कुणी घराचा पायाच पोखरणारे. एफ. सी. मॅक्रे यांनी त्याला गमतीशीर चित्रंही काढली.

विनोद सोडला तरी या पुस्तकात महत्त्वाची गोष्ट उरते. त्यातली माहिती मेलेल्या प्राण्याच्या कातड्यावरून आलेली नाही. जिवंत प्राणी काय करतो हे बघून आलेली आहे.

त्या काळच्या प्राणिशास्त्रात प्राणी मारायचा, त्याचं माप घ्यायचं, लॅटिन नाव द्यायचं आणि कपाटात ठेवायचा अशी रीत होती. लॅटिन तर एटकेन यांना उत्तम येत होतं. पण त्यांना वेगळे प्रश्न पडायचे. हा प्राणी दिवसभर करतो काय? कुणाला घाबरतो? त्याचा माझ्याशी काय संबंध?

आता पालीचंच बघा. आपल्याकडे पाल चुकचुकली की कुणीतरी खोटं बोललंय किंवा काहीतरी अशुभ आहे असं मानतात. प्रत्यक्षात तो पालींचा आपसातला बोलण्याचा प्रकार. ही जागा माझी आहे, एवढं एकमेकींना कळवायचं असतं. ती काचेवर चालते ती पायाला चिकट काही लागलंय म्हणून नाही. तिच्या बोटांखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात आणि त्यांच्या जोरावर ती पृष्ठभाग धरून ठेवते. संकट आलं की शेपूट तोडते, ते वळवळत राहतं, शत्रू तिकडे बघत बसतो आणि पाल निसटते. काही दिवसांनी नवीन शेपूट येतं. आपल्या घरातली पाल विषारी नसते. उलट रोज रात्री ती आपल्या वाटचे किडे खाते.

ही सगळी माहिती मिळवायला जंगलात जावं लागत नाही. फक्त भिंतीकडे बघावं लागतं. एटकेन यांनी लोकांना लावलेली सवय हीच.

भायखळ्यात आठ माणसं जमली

१८८३ याच वर्षी अजून एक गोष्ट घडली.

१५ सप्टेंबर १८८३. मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जण जमले. आज आपण या म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. आपापली निरीक्षणं एकमेकांना सांगावीत, जमवलेले नमुने दाखवावेत, एवढाच या मंडळींचा हेतू. यातूनच उभी राहिली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजेच बीएनएचएस.

त्या आठ जणांत एटकेन होते आणि दोन मराठी डॉक्टरही होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग. प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढे असलेले आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. वनस्पतींचे जाणकार. लग्नाच्या खटल्यात अख्ख्या इंग्रज सरकारला विचार करायला लावणाऱ्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई त्यांच्याच घरात वाढल्या. डॉ. सखाराम अर्जुन त्यांचे सावत्र वडील.

एटकेन सोसायटीचे पहिले मानद सचिव झाले आणि १८८६ पर्यंत त्यांनी हे काम केलं. सुरुवातीला सोसायटीला स्वतःची जागा नव्हती. १८८४ मध्ये एच. एम. फिप्सन नावाच्या व्यापाऱ्यानं फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली दिली. १८८६ मध्ये सोसायटीचं जर्नल सुरू झालं. त्याचं संपादन एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल यांनी केलं. ते जर्नल आजही निघतं.

पुढे या ऑफिसात एक गडी मुक्कामाला आला. कारवारहून आणलेला विल्यम नावाचा धनेश पक्षी. १८९४ पासून १९२० पर्यंत तो सचिवांच्या खुर्चीमागे राहिला. सोसायटीच्या बोधचिन्हावर आज जो धनेश दिसतो, तो याच विल्यमच्या आठवणीत.

फुलपाखरू ओळखायचं तर अळी पाळा

एटकेन यांची कारवारला बदली झाली. तेव्हा उत्तर कन्नड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. धुळीतून आलेल्या माणसाला याहून चांगली जागा कोणती? इथल्या भटकंतीवर त्यांनी ‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ हे पुस्तक लिहिलं. ते १८९४ मध्ये आलं.

पण इथे त्यांनी केलेलं खरं काम वेगळंच होतं.

तेव्हा बहुतेक संग्राहक जाळ्यात फुलपाखरू पकडायचे, टाचणी टोचायचे आणि पेटीत लावायचे. पण तेच फुलपाखरू अळी असताना कसं दिसतं, काय खातं, कोष कुठे करतं, हे अनेक जातींबद्दल कुणाला माहीत नव्हतं. एटकेन, जिल्ह्याचे कलेक्टर जे. डेव्हिडसन आणि वनखात्यातले टी. आर. बेल या तिघांनी अळ्या पाळायला सुरुवात केली. अळी ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं तिला घालायची, ती कात टाकते त्याची नोंद करायची, कोष होईपर्यंत थांबायचं आणि बाहेर कोण येतंय ते बघायचं. १८९० पासून त्यांचे हे लेख सोसायटीच्या जर्नलमध्ये यायला लागले.

हे काम करायला प्रयोगशाळा लागली नाही. लागल्या अळ्या, ताजी पानं आणि धीर.

तुम्हालाही हे करून बघता येईल. कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर कधी पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसतं. पुसून टाकू नका. नीट बघा. ती बऱ्याचदा लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिनं हे सोंग घेतलेलं असतं. मोठी झाली की हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. रुईच्या झाडावर वेगळ्या फुलपाखराची अळी, कण्हेरीवर वेगळ्या. झाड कळलं की अळी कळते आणि अळी कळली की फुलपाखरू.

माणसांच्या बाबतीत मात्र नजर चुकली

एवढं वाचून एटकेन यांच्याबद्दल प्रेम वाटणं साहजिक आहे. पण त्यांची एक बाजू सांगितल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही.

१८८९ मध्ये त्यांचं ‘बिहाइंड द बंगलो’ हे पुस्तक आलं. बंगल्याच्या मागे. आता बंगल्याच्या मागे कोण राहायचं? नोकर. या पुस्तकात घरातला बॉय आहे, कुत्री सांभाळणारा पोरगा आहे, घोडेवाला, बटलर, स्वयंपाकी, हमाल, धोबी, आया, शिंपी, माळी, भिश्ती, न्हावी असे सगळे आहेत. एकेकाला एकेक प्रकरण. ज्या पद्धतीनं आधी मुंग्या आणि कावळ्यांची ओळख करून दिली, त्याच पद्धतीनं.

आणि खटकतं ते हेच. नोकरांच्या मोडक्या इंग्रजीवर विनोद आहेत, त्यांच्या सवयींची नक्कल आहे, मालकाच्या खुर्चीत बसून केलेली थट्टा आहे. त्या काळच्या गोऱ्या वाचकांना हे भारी आवडलं. पण आज वाचताना प्रश्न पडतो. पहाटे उठून साहेबाच्या अंघोळीचं पाणी आणणारा भिश्ती घरी गेल्यावर काय खातो, त्याची पोरं कुठे आहेत, त्याला साहेबाबद्दल काय वाटतं, हे एटकेन यांना बघावंसं का वाटलं नाही?

ज्या माणसाला पालीच्या आयुष्यात शिरून बघता आलं, त्याला आपल्याच आवारातल्या माणसाच्या आयुष्यात शिरणं जमलं नाही. साहेबी राज्यात वाढलेल्या डोळ्यांची ती मर्यादा होती. शेजाऱ्याकडे बघणं आणि शेजाऱ्याला बरोबरीचा मानणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एटकेन यांच्या पुस्तकांवरून कळतं.

मग डासाची गोष्ट बदलली

१८८३ च्या पुस्तकात डास हा चेष्टेचा विषय होता. झोपमोड करणारा, सोंड टोचणारा, मच्छरदाणीत घुसणारा शत्रू. त्याच्यामुळे माणूस मरतो हे तेव्हा माहीतच नव्हतं. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेनं हिवताप होतो असं तोपर्यंत मोठमोठे डॉक्टरही मानायचे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना एका डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला आणि चित्र बदललं. हिवताप डासातून येतो हे कळलं. तेही सगळ्या डासांतून नाही. फक्त ॲनोफिलीस गटातल्या डासांतून, आणि त्यांच्यातही चावते ती मादी.

म्हणजे आता कोणता डास आहे हे ओळखणं जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं. त्यामुळे सरहद्दीवर इंग्रज सरकारचे कस्टम्सचे नाके होते. घाटात, रानात, ओढ्याकाठी. चोरटा माल पकडायला तिथे मीठ खात्याचे शिपाई ठेवलेले असायचे. आणि हे शिपाई हिवतापानं आजारी पडायचे. अंगात ताप, थंडीनं दातखीळ आणि तरीही नाक्यावर ड्युटी.

१९०२ मध्ये सरकारनं एटकेन यांच्यावर काम सोपवलं. या नाक्यांवर मलेरिया किती आहे ते शोधायचं आणि शिपायांना ॲनोफिलीस डासांपासून दूर कसं ठेवता येईल ते सुचवायचं. कस्टम्सचे नाके त्यांना माहीत होते, तो मुलूख माहीत होता आणि किड्यामुंग्यांकडे बघण्याचा पंचवीस वर्षांचा सराव होता.

ॲनोफिलीस ओळखायची युक्ती अशी. साधा क्युलेक्स डास भिंतीवर बसला की त्याचं अंग भिंतीला समांतर राहतं. ॲनोफिलीस मागची बाजू वर उचलून तिरका बसतो. पाण्यातल्या अळ्याही वेगळ्या. क्युलेक्सची अळी डोकं खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला लोंबकळते. ॲनोफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. कुठल्या पाण्यात कोणती अळी आहे हे कळलं, तर कुठल्या पाण्यापासून माणसाला लांब ठेवायचं हे कळतं.

या मोहिमेत एटकेन यांना ॲनोफिलीसची एक नवी जात सापडली. मेजर जेम्स यांनी तिला त्यांचं नाव दिलं, ॲनोफिलीस एटकेनाय. विज्ञानात एखाद्याचं नाव वाघाला, गरुडाला किंवा सुंदर फुलाला मिळतं. एटकेन यांचं नाव मिळालं डासाला. त्यातली गंमत अशी की ही जात रानातल्या ओढ्यांची. माणसात मलेरिया पसरवणाऱ्या मुख्य डासांमध्ये तिची गणना होत नाही.

पण मुद्दा तोच आहे. सगळे डास सारखेच, असं म्हणून चालत नाही. कोण धोक्याचा आणि कोण नाही हे ओळखता यावं लागतं. वीस वर्षांपूर्वी ज्या टोळीवर त्यांनी विनोद केले होते, तिच्याच तपासासाठी ते आता रानात फिरत होते. आणि या वेळी त्यांना ज्यांचा विचार करायचा होता ती माणसं होती त्यांच्याच खात्यातले साधे शिपाई. पुस्तकातल्या नोकरांकडे बघताना जे राहून गेलं, त्याची अगदी भरपाई झाली असं नाही म्हणता येणार. पण त्यांची नजर पहिल्यांदा कुणाचा तरी जीव वाचवण्याच्या कामी लागली, हे मात्र खरं.

मुंबईचे पक्षी आणि एक पोरगा

याच्या दोन वर्षं आधी, १९०० साली, एटकेन यांचं अजून एक पुस्तक आलं होतं. ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’. मुंबईचे नेहमीचे पक्षी. नावातच सगळं आलं. दुर्मीळ नाही, हिमालयातले नाहीत. मुंबईत रोज दिसणारे कावळे, घारी, चिमण्या, मैना, बुलबुल.

पक्षी हातात घेऊन त्याची चोच मोजू शकणाऱ्यासाठी हे पुस्तक नव्हतं. गॅलरीत उभं राहून बघणाऱ्या साध्या माणसासाठी होतं. पक्षी कुठे बसतो, कसा उडतो, काय आवाज काढतो यावरून तो ओळखायचा.

पुढे १९०३ मध्ये एटकेन कराचीला कस्टम्स आणि मिठाचे मुख्य कलेक्टर झाले. १९०५ मध्ये सिंध प्रांताचं गॅझेटियर तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं. १९०६ मध्ये ते निवृत्त झाले. तीस वर्षांची नोकरी संपवून ते स्कॉटलंडला, एडिनबराला जाऊन राहिले. तिथेच १९०९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्याच्या एक वर्ष आधीची गोष्ट आहे.

१९०८ साली मुंबईत बारा वर्षांच्या एका पोरानं छर्‍याच्या बंदुकीनं चिमणी मारली. उचलून बघितलं तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी दिली आणि पोरगा मेलेली चिमणी कागदात गुंडाळून बीएनएचएसच्या ऑफिसात गेला. सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी त्याला हाकलून दिलं नाही. चिमणी ओळखून दिली, कपाटातले बाकीचे पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली.

त्या पुस्तकांत एहा यांची पुस्तकं होती.

तो पोरगा म्हणजे सालिम अली. भारतातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक. त्यांची वाट सुरू झाली ती घराजवळच्या एका चिमणीपासून आणि त्या वाटेवर हातात आलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक होतं मुंबईच्या साध्या पक्ष्यांवरचं.

मग आपण काय करायचं?

एटकेन यांच्या काळात मुंबईत मोकळ्या जागा होत्या, बंगले होते, झाडं होती. आज आपल्याकडे वन बीएचके आहे. पण शेजारी गेलेले नाहीत. पाल आहे, कोळी आहे, कावळा आहे. सोसायटीच्या आवारात मुंगूस दिसतं, गटाराच्या तोंडाशी घूस दिसते, पावसाळ्यात डबक्यात बेडूक ओरडतात. ज्यांचं घर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा आरेच्या कडेला आहे, त्यांच्या शेजारी तर बिबट्याही आहे.

या सगळ्यांबद्दल आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात. किंचाळायचं किंवा व्हिडिओ काढायचा. तिसरी प्रतिक्रिया म्हणजे थांबून बघायचं. कोण आहे, काय करतंय, धोक्याचं आहे का?

कारण ओळख नसली की आपण दोन्हीकडून चुकतो. निरुपद्रवी पालीला चपलेनं मारतो आणि कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या डासाच्या अळ्यांकडे दुर्लक्ष करतो. बिनविषारी धामण ठेचतो आणि खरा विषारी साप कसा दिसतो ते माहीत नसतं.

एक वही घ्या. महिनाभर रोज पाच मिनिटं. आज काय दिसलं, किती वाजता, काय करत होतं, एवढंच लिहा. महिन्याच्या शेवटी तुम्हाला तुमच्या घरातल्या पाली वेगवेगळ्या ओळखता यायला लागतील. एखादीची शेपटी तुटलेली असेल, एखादी फक्त स्वयंपाकघरातच येत असेल.

आणि हो, वहीत फक्त प्राणीच लिहू नका. रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं नाव माहीत नसेल तर तेही विचारून घ्या. एटकेन साहेबांकडून राहून गेलेलं काम ते.